गीतचित्रण, दृश्यशैली आणि समतोल

१

मराठी चित्रपटाविषयीच्या समीक्षेत गीताला बहुधा दोनच जागा मिळत आल्या आहेत. पहिली जागा कवी आणि संगीतकार यांच्या कर्तृत्वाची; तेथे गीताचा विचार होतो तो ऐकण्याची वस्तू म्हणून. दुसरी जागा दोषाची. तेथे गीत हे कथानकाला जोडलेले ठिगळ ठरते आणि वास्तववादी चित्रपटाने ते टाळावे अशी अपेक्षा व्यक्त होते. या दोन्ही भूमिकांतून एक गोष्ट निसटते. गीताच्या चार-पाच मिनिटांत दिग्दर्शकाला प्रतिमांच्या जुळणीचा जो मोकळेपणा मिळतो, तो संवादाधिष्ठित प्रसंगात क्वचितच मिळतो. प्रसंगात पात्राला कोठून तरी कोठे तरी पोचायचे असते. गीतात काळ थांबवता येतो, स्थळ बदलता येते, एकच हालचाल पुन्हा पुन्हा दाखवता येते, आणि प्रेक्षक त्याचे कारण विचारीत नाही. त्यामुळेच अनेक दिग्दर्शकांची दृश्यशैली प्रथम गीतात आकाराला येते आणि मग संपूर्ण कृतीत पसरते.

पाश्चात्त्य चित्रपटात ही प्रक्रिया म्युझिक व्हिडिओच्या रूपाने ठळकपणे दिसली. अमेरिकेत १९८१ मध्ये एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाल्यानंतर गीताची चित्रफीत हा स्वतंत्र व्यवसाय झाला आणि त्यातून दिग्दर्शकांची एक पिढी घडली. डेव्हिड फिंचर यांनी 'एलियन ३' (१९९२) या पहिल्या चित्रपटापूर्वी मॅडोनाच्या 'व्होग'सारख्या (१९९०) चित्रफिती केल्या होत्या. जालंधर येथे जन्मलेल्या तरसेम सिंग यांची ओळख 'लूझिंग माय रिलिजन' (१९९१) या गीताच्या चित्रफितीने झाली; 'द सेल' (२०००) हा त्यांचा पहिला चित्रपट त्यानंतरचा. मिशेल गोंद्री, स्पाइक जोन्झ, जोनाथन ग्लेझर ही नावेही याच वाटेने आलेली. या सर्वांवर एक आक्षेप कधी ना कधी घेतला गेला: त्यांचे चित्रपट म्हणजे लांबवलेल्या चित्रफिती असून त्यांत प्रतिमेचे वैभव आहे, पण त्या वैभवाला वाहून नेणारा आशय नाही.

मराठीत हा प्रश्न याच स्वरूपात मांडता येत नाही. पाश्चात्त्य चित्रफीत चित्रपटाच्या बाहेर जन्मली आणि तिने दिग्दर्शकांना चित्रपटात पाठवले. आपल्याकडे बोलपटाच्या आरंभापासून गीत चित्रपटाच्या आतच होते; ते बाहेर पडले नंतर, आधी आकाशवाणीवर, मग दूरदर्शनच्या 'छायागीत'सारख्या कार्यक्रमांत, मग खासगी वाहिन्यांवर आणि अखेरीस भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. गीतात घडलेली दृष्टी चित्रपटात कशी पसरते, हा येथे अर्धाच प्रश्न आहे. चित्रपटातून सुटे झालेले गीत आपल्याबरोबर ती दृष्टी किती नेते आणि काय मागे टाकते, हा उरलेला अर्धा. जालना जिल्ह्यासारख्या प्रदेशातून पाहिले तर हा दुसरा भाग अधिक तीव्रतेने जाणवतो. येथे आज गीत जितके वरातीत, मिरवणुकीत आणि हातातल्या पडद्यावर पाहिले-ऐकले जाते, तितके ते चित्रपटगृहात पाहिले जात नाही. प्रस्तुत निबंधात नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' आणि 'सैराट' या दोन चित्रपटांच्या आधारे या दोन्ही अंगांचा विचार केला आहे.

२

या विचारासाठी लागणारी परिभाषा मराठी सौंदर्यशास्त्रात उपलब्ध आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात कलाकृतीच्या घटनेचा उलगडा संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनी केला. दोन घटकांत साम्य असेल तेथे संवादलय, ते परस्परांना छेद देतात तेथे विरोधलय, आणि भिन्न घटक एकमेकांचे वजन तोलून धरतात तेथे समतोललय. ही तत्त्वे चित्रपटाला डोळ्यांपुढे ठेवून रचलेली नाहीत. परंतु ध्वनी आणि प्रतिमा या दोन भिन्न द्रव्यांची एकत्र घडण करणाऱ्या कलेला ती आश्चर्यकारकपणे लागू पडतात. ठेक्याबरोबर पाऊल पडते आणि ठेक्यावरच चित्रखंड बदलतो, तेव्हा संवादलय असते. उल्हासाच्या सुरांखाली दुःखाची प्रतिमा येते, तेव्हा विरोधलय.

समतोललयीची गोष्ट निराळी आहे. संवाद आणि विरोध हे एका क्षणात, एका चित्रखंडात प्रत्ययाला येऊ शकतात. समतोलाला मात्र अवकाश लागतो. एका ठिकाणी ठेवलेले वजन दुसऱ्या ठिकाणी तोलले जायचे तर ती दोन्ही ठिकाणे एकाच कृतीत असावी लागतात. सुट्या गीतात संवाद असू शकतो, विरोधही असू शकतो; परंतु संपूर्ण चित्रपटाच्या पातळीवर सिद्ध होणारा समतोल सुट्या गीतात असूच शकत नाही. पुढील विवेचनाचा आधार हाच भेद आहे.

फ्रेंच सिद्धान्तकार मिशेल शियाँ यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवून दिलेली एक गोष्टही येथे लक्षात घ्यावी लागते. ध्वनी प्रतिमेला जो अर्थ देतो, तो त्या प्रतिमेत आधीपासूनच होता असा भास प्रेक्षकाला होतो. संगीताने केलेली भर संगीताच्या नावावर जमा होत नाही. ती प्रतिमेचे स्वाभाविक तेज म्हणून दिसते. धावणारा मुलगा केवळ धावत असतो. वाद्यवृंद त्याला नायक करतो, आणि प्रेक्षकाला वाटते की तो नायक होताच. या भासाचा उपयोग कोणासाठी केला जातो, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक राहत नाही.

३

गीतात घडणाऱ्या दृष्टीची परंपरा मराठी चित्रपटात जुनी आहे. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटात तुकारामाचा अभंग आणि त्याच अभंगावर मालकी सांगणाऱ्या सालोमालोचे गायन यांतील फरक संवादांनी समजावून दिलेला नाही. तो चित्रणात आहे. तुकाराम गातो तेव्हा त्याची दृष्टी विठ्ठलाकडे असते आणि प्रेक्षकाला त्या दृष्टीत सामावून घेतले जाते. सालोमालो गातो तेव्हा समोर श्रोते आहेत याचे भान त्याच्या प्रत्येक हावभावात असते. भक्ती आणि प्रदर्शन यांतील नैतिक भेद गीताच्या दृश्यरूपातून सिद्ध होतो आणि पुढे संपूर्ण चित्रपटाची उभारणी त्याच भेदावर होते. व्ही. शांताराम यांनी 'कुंकू'मध्ये (१९३७) पार्श्वसंगीत वर्ज्य करून प्रसंगात ज्याचा उगम आहे असाच ध्वनी वापरला. संगीत कोठे असावे याइतकाच ते कोठे नसावे हाही दिग्दर्शकाच्या शैलीचा भाग आहे, हे भान तेथून मराठी चित्रपटात आले.

याच प्रभातमध्ये गुरुदत्त यांची चित्रपटातली उमेदवारी झाली. अल्मोडा येथे उदय शंकर यांच्या केंद्रात नृत्याचे शिक्षण घेऊन ते १९४४ मध्ये पुण्यात आले आणि 'हम एक हैं' (१९४६) या चित्रपटाचे नृत्यदिग्दर्शन त्यांनी केले. देहाची हालचाल, प्रकाश आणि कॅमेऱ्याची गती यांना एका लयीत बांधण्याचा हा सराव त्यांच्या पुढच्या चित्रपटांतील गीतांतून दिसतो. संवादाच्या ओघातून, वाद्यांची लांबलचक प्रस्तावना न घेता सुरू होणारे त्यांचे गीत हा त्याच सरावाचा परिपाक होय. अरुण खोपकर यांनी गुरुदत्तांवरील आपल्या मराठी ग्रंथात या चित्रपटांच्या दृश्यरचनेचा जो सूक्ष्म विचार केला, तो गीताला ठिगळ मानणाऱ्या समीक्षेला दिलेले उत्तर आहे. पुढच्या काळात संजय लीला भन्साळी यांनी 'परिंदा' (१९८९) आणि '१९४२ : अ लव्ह स्टोरी' (१९९४) या विधू विनोद चोप्रा यांच्या चित्रपटांतील गीतांचे चित्रण सांभाळून मग 'खामोशी' (१९९६) दिग्दर्शित केला. गीताकडून चित्रपटाकडे जाण्याची वाट व्यवसायातही रूढ झाली होती, याचा हा दाखला.

मराठवाड्याच्या दृष्टीने या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा म्हणजे जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' (१९७७). पटेल यांच्या दृष्टीचे मूळ रंगभूमीवर आहे. 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाट्यप्रयोगात त्यांनी ब्राह्मणांच्या समूहाची हलती भिंत उभी केली. ती भिंत गात होती, नाचत होती, गुन्हा लपवीत होती. समूहाच्या गाण्यातून अवकाश रचण्याचे हे भान 'जैत रे जैत'मध्ये डोंगराच्या उघड्यावर आले. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात नाग्या आणि चिंधी यांची कथा गीतांमधूनच पुढे सरकते. ठाकरांचे सामूहिक जीवन, डोंगर आणि मधमाश्यांचे भय यांना एकत्र बांधणारा धागा गीताचा आहे. हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत लाभलेली ती गीते लिहिली ना. धों. महानोर यांनी. महानोरांचे पळसखेड अजिंठ्याच्या परिसरात आहे. त्याच डोंगररांगेच्या कडा जालना जिल्ह्याच्या उत्तरेकडील भोकरदन-जाफराबादच्या बाजूला उतरतात. 'रानातल्या कविता' (१९६७) लिहिणाऱ्या या शेतकरी कवीचे शब्द येथल्या कोरडवाहू रानाचे आहेत. पडद्यावरचा डोंगर मात्र सह्याद्रीचा, ठाकरवाडीचा आहे. शब्द एका भूमीचे आणि प्रतिमा दुसऱ्या भूमीची, ही विसंगती चित्रपटात जाणवत नाही, कारण गीताची लय दोहोंना जोडते. परंतु त्यामागची वस्तुस्थिती विसरता येत नाही: मराठवाड्याने मराठी चित्रपटाला शब्द दिले, तेव्हा त्याची भूमी पडद्याबाहेरच राहिली.

४

नागराज मंजुळे चित्रपटाकडे आले ते कवी म्हणून. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा कवितासंग्रह आहे आणि 'पिस्तुल्या' हा लघुपट त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या आधीचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'फँड्री'चे संगीताच्या दृष्टीने एक वैशिष्ट्य आहे. अजय-अतुल यांनी त्यासाठी केलेले आणि अजय गोगावले यांनी गायलेले गीत चित्रपटात नाही. ते चित्रपटाआधी आणि चित्रपटाबाहेर फिरले. चित्रपटाचे पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचे. म्हणजे प्रेमाचा दाह मोठ्या आवाजात सांगणारे एक गीत प्रेक्षकांच्या कानात आधीच होते, आणि ते ऐकून चित्रपटगृहात आलेल्या प्रेक्षकाला पडद्यावर ते मिळाले नाही. कैकाडी समाजातील जब्या, त्याच्या वर्गातील शालू आणि त्याच्या मनातले न बोललेले प्रेम एवढी सामग्री कोणत्याही लोकप्रिय चित्रपटात एका गीताची हक्काची जागा ठरली असती. ती जागा येथे रिकामी ठेवली आहे.

या रिकामेपणाचा अर्थ अखेरच्या भागात उलगडतो. जब्याचे कुटुंब गावाच्या नजरेसमोर डुकरे पकडत आहे. वर्गातली मुले पाहत आहेत, हसत आहेत. त्याच वेळी शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. हाताशी आलेले डुक्कर निसटते. संपूर्ण चित्रपटात संगीताने देहांवर इतकी निःसंदिग्ध आज्ञा चालवली आहे ती याच एका ठिकाणी. गीतचित्रणाचा नेहमीचा नियम असा की संगीत सुरू झाले की देह हलू लागतो; येथे संगीत सुरू होताच देह थांबतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत ही विरोधलय आहे. राष्ट्राच्या समतेचे गीत आणि त्या समतेच्या बाहेर उभा असलेला, तरीही त्या गीताचा मान राखणारा देह यांतला हा विरोध आहे. त्यावर कोणतेही भाष्य नाही. पुढे पकडलेले डुक्कर काठीला बांधून कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते आणि त्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदींची चित्रे आहेत. हा चित्रखंडही गीताच्या बांधणीचा आहे: शब्द नाहीत, एक सरळ संथ गती आहे, आणि पार्श्वभूमी व अग्रभूमी यांचे एकमेकांवर पडणारे सावट आहे.

गीतासाठी लागणारी दृष्टी दिग्दर्शकापाशी आहे, परंतु ती त्याने गीताला न देता अपमानाच्या प्रसंगाला दिली आहे. 'फँड्री'चे यश या स्थलांतरात आहे. चित्रपटाच्या शेवटी प्रेक्षकाच्या दिशेने भिरकावलेला दगड अनेकांनी निषेधाची खूण म्हणून वाचला. ते वाचन योग्यच आहे. त्याला एक जोड द्यावी लागेल. सगळा चित्रपट पाहणाऱ्यांच्या नजरेविषयीचा आहे आणि दगड त्या नजरेवर पडतो. कोण पाहतो आणि कोण दिसतो, हा गीतचित्रणाचाही मूलभूत प्रश्न आहे.

५

२९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या 'सैराट'मध्ये हीच रचना उलटी केलेली दिसते. येथे चार गीते आहेत आणि ती लोकप्रिय गीतचित्रणाच्या सर्व साधनांनी नटली आहेत: संथगती, विस्तीर्ण चौकट, भव्य वाद्यवृंद. अजय-अतुल यांनी या चित्रपटाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिस येथे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले, ही बाब प्रसिद्धीत फार गाजली. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते एवढे की तो वाद्यवृंद कोणासाठी वाजतो.

तो मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलासाठी वाजतो. परश्याचे धावणे आणि विहिरीत झेपावणे यांना सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या छायालेखनाने आणि वाद्यवृंदाच्या उसळीने जे रूप दिले, ते रूप मराठी-हिंदी पडद्यावर बहुधा संपन्न, सवर्ण किंवा जातविहीन भासवलेल्या नायकाच्या वाट्याला येत असे. करमाळा तालुक्यातील रान, विहीर, पाण्याचा फुगवटा यांना स्वित्झर्लंडच्या बर्फाची प्रतिष्ठा लाभली. शियाँ यांनी सांगितलेला भास येथे एका सामाजिक हक्कासाठी वापरला आहे: संगीताने दिलेले तेज त्या मुलात आणि त्या मातीत आधीपासूनच होते, असे प्रेक्षकाला वाटते. आर्चीच्या मनीचे गीत तिच्या आवाजात आहे. नायिका केवळ पाहिली जाणारी राहत नाही, ती वर्गातही निःशंकपणे पाहते. या गीतांतील संवादलय, म्हणजे स्वर आणि प्रतिमा यांची संपूर्ण एकरूपता, हा भाबडेपणा नाही. आपल्याला नाकारलेली भाषा हस्तगत करण्याचा तो प्रयत्न आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात सौंदर्याच्या प्रस्थापित कल्पनेलाच प्रश्न विचारला होता. 'सैराट'ची वाट थोडी निराळी आहे: ते सौंदर्य नाकारण्याऐवजी तो त्याचा ताबा मागतो.

परंतु हा ताबा टिकत नाही, आणि ते न टिकणे हाच चित्रपटाचा घाट आहे. चौथे गीत 'झिंगाट' आर्चीच्या भावाच्या, प्रिन्सच्या वाढदिवसाच्या सोहळ्यात येते. पाटलाच्या दारात गावातली पोरे बेभान नाचत आहेत. त्या गर्दीत परश्या आहे, आर्ची आहे, आणि ठेका सर्वांना एका पातळीवर आणतो असे वाटते. त्याच रात्री, त्याच घराच्या मागे, दोघे पकडले जातात. नाच आणि मारहाण यांत अंतर राहत नाही. ज्या दारात नाचायला परवानगी होती, त्याच दारात प्रेम करायला ती नाही. ठेक्याने निर्माण केलेली समता ठेक्याइतकीच टिकते.

यानंतर चित्रपटात गीत नाही. पलायन, हैदराबादची झोपडवस्ती, नोकरी, संशय, समेट, संसार हा सर्व भाग रोजच्या प्रकाशात आणि रोजच्या गतीत चित्रित झाला आहे. अनेक प्रेक्षकांना उत्तरार्ध रेंगाळल्यासारखा वाटला. तो तसा वाटणे हा परिणामाचाच भाग होय. पूर्वार्धात ज्या देहांना संगीताने उचलून धरले होते, त्यांना आता स्वतःचे वजन स्वतः पेलावे लागते. शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो, आणि शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते तेव्हा आईबाप रक्तात पडलेले असतात. मूल रडत बाहेर पडते, त्याची रक्ताळलेली पावले उमटतात, आणि ध्वनी काढून घेतलेला असतो. रडणे दिसते, ऐकू येत नाही.

हे मौन केवळ त्या प्रसंगाचे नाही. ते चार गीतांच्या समोर ठेवलेले वजन आहे. पूर्वार्धातील सगळा वाद्यवृंद तराजूच्या एका पारड्यात आणि काही क्षणांचे हे मौन दुसऱ्या पारड्यात. मर्ढेकरांना अभिप्रेत असलेली समतोललय ती हीच. आणि तिच्यासाठी जवळजवळ तीन तासांचा अवकाश लागला. मर्ढेकरांनी लयतत्त्वांचा विचार करताना सामाजिक आशय कलाबाह्य मानला, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप आहे. 'सैराट'मध्ये तो आक्षेप आपोआप निकाली निघतो, कारण येथे जातवास्तव लयीच्या बाहेर उभे नाही. गीत कोणत्या क्षणी संपते आणि मौन कोणत्या क्षणी सुरू होते, हे जातच ठरवते.

६

आता गीताच्या चित्रपटाबाहेरील जीवनाकडे वळता येईल. 'झिंगाट' प्रदर्शित झाल्यापासून महाराष्ट्रातील वरातींचे गीत झाले. जालना, अंबड, परतूर, मंठा, कोठेही लग्नसराईत त्याचा ठेका ऐकू येतो. २०१८ मध्ये 'धडक' या हिंदी रूपांतराने ते उदयपूरला नेले. तेथे ठेका तोच राहिला, पण ज्या जातवास्तवामुळे त्या ठेक्याला धार होती ते पुष्कळ सौम्य झाले. वरातीतल्या 'झिंगाट'ला तर कथाच नसते. आपल्या जातीत, पत्रिका जुळवून ठरलेल्या लग्नात, आंतरजातीय प्रेमाच्या हत्येकडे जाणाऱ्या चित्रपटाचे गीत वाजते आणि कोणालाही काही खटकत नाही. संवादलय उरली आहे, समतोल गेला आहे.

याचा दोष गीताला द्यायचा, दिग्दर्शकाला की प्रेक्षकाला? उत्तर देण्याची घाई करू नये. एक तर असे म्हणता येईल की ज्या शैलीने प्रेक्षकाला इतके सुख दिले, ती शैली त्या सुखाच्या गैरवापराला काही अंशी जबाबदार आहे. 'फँड्री'तील राष्ट्रगीताचा प्रसंग कोणी सुटा करून नाचण्यासाठी वापरू शकत नाही. त्याच्या घडणीतच सुटे होण्याला विरोध आहे. 'सैराट'च्या गीतांत असा विरोध नाही. चित्रपटाने आपले सर्व वजन शेवटावर टाकले आणि गीते मोकळी सोडली. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नामांतराच्या लढ्याचा (१९७८–१९९४) अनुभव पाठीशी असलेल्या मराठवाड्यात गावातून वाजतगाजत मिरवणूक काढणे हा कोणाचा हक्क, हा प्रश्न नाचगाण्याचा कधीच नव्हता. ज्यांच्या वरातीला गावातला रस्ता नाकारला गेला होता, त्यांच्या पुढच्या पिढीने त्याच रस्त्यावर मोठ्या आवाजात नाचणे यातही एक ताबा आहे. सुटे झालेले गीत आपली कथा विसरते, पण ज्यांच्या हाती पडते त्यांची कथा ते घेऊ शकते. या दोन शक्यतांपैकी कोणती प्रत्यक्षात येईल, हे गीत ठरवू शकत नाही.

दिग्दर्शकाच्या घडणीचा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो. पूर्वी गीतचित्रण शिकण्यासाठी प्रभातसारखी कंपनी, पुण्याची चित्रपटसंस्था किंवा मुंबईतल्या दिग्दर्शकाची उमेदवारी लागे. आज जिल्ह्याच्या गावातील तरुणाच्या हातात कॅमेरा आहे, आणि पूर्ण चित्रपटाचे भांडवल नसल्याने त्याच्या आवाक्यातला पहिला रूपबंध गीताचाच असतो. लग्नापूर्वीच्या जोडप्याची चित्रफीत, जयंतीच्या मिरवणुकीचे गीत, हौसेने केलेला अल्बम यांतून तो शिकतो. 'जैत रे जैत'च्या वेळी पडद्याबाहेर राहिलेली मराठवाड्याची भूमी या मार्गाने चौकटीत येत आहे. हे स्वागतार्ह आहे. मात्र त्याने 'सैराट'कडून काय उचलले, हे पाहावे लागते. संथगती उचलणे सोपे आहे. ती यंत्रातच असते. ती कोणाला द्यायची आणि कोठे काढून घ्यायची, हे यंत्र सांगत नाही.

उदाहरणादाखल जालन्याची मोसंबीची बाग घेता येईल. हिरव्या पानांतून येणारे ऊन, फळांनी वाकलेली फांदी, तिच्याखालून चालणारे जोडपे ही गीताची तयार प्रतिमा आहे, आणि ती खोटी नाही. पण २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या आणि वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडली, हेही त्याच बागेचे चित्र आहे. पहिल्या प्रतिमेला संगीत सहज मिळेल. दुसरीला संगीत लावले तर ती करुणेची सजावट होईल, न लावले तर ती गीतात बसणार नाही. या अडचणीपाशी जो थांबेल आणि हिरव्या बागेचे गीत करतानाच वाळलेल्या बागेसाठी जागा राखून ठेवील, त्याच्या चित्रफितीतून दृश्यशैली घडू लागली असे म्हणता येईल. तोवर जे घडते ते केवळ कौशल्य होय, आणि कौशल्य वरातीबरोबर पुढे निघून जाते.